केंद्रावर आलेलं दूध

अंगावरचं दूध काढायच्या त्या यंत्राला कंपनीने चांगलं लांबलचक नाव दिलं होतं, पण आमच्या ऑफिसातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'मुका' ठेवलं. एक तर ते जराही आवाज करत नसे. आणि दुसरं म्हणजे ते जे करायचं त्याला याहून जवळचा शब्द नव्हता. मीटिंग चालू असताना एखादी घड्याळाकडे बघून उठायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "मी जरा मुका लावून येते." सुरुवातीला पुरुष मंडळी कागदात तोंड खुपसून बसत. पुढे त्यांना सवय झाली. आमचे साहेब तर दौऱ्याच्या आदेशातच लिहू लागले : 'मुक्यासाठी दर तीन तासांनी वीस मिनिटे.'

मी दरडींवर काम करते. सह्याद्रीच्या उतारांमध्ये आमच्या विभागाने हजारो 'कान' पुरून ठेवले आहेत. डोंगराच्या पोटात पाणी किती मुरलं, माती किती सरकली, हे ते ऐकतात आणि साताऱ्याला कळवतात. एखादा कान बिघडला की कुणीतरी जाऊन बघावं लागतं. ते काम माझं. आठवड्यातले तीन दिवस कोयना खोरं, आंबा घाट नाहीतर वरंधा, आणि उरलेले दिवस साताऱ्यात. माझा नवरा अनिकेत कच्छमध्ये सौरप्रकल्पावर, महिन्यातून दोनदा येणारा. ऊर्मी सहा महिन्यांची झाली, माझी रजा संपली, तेव्हा प्रश्न या तीन दिवसांचाच होता.

त्याचं उत्तर खरं तर आधीपासून ठरलेलं होतं. आई येणार होती. पण ऊर्मी सव्वा महिन्याची असताना एका सकाळी आई गेली. हृदय बंद पडलं. तिने माझ्यासाठी अळीव भिजत घातले होते. ते फुगून वाटीभर झाले तोवर ती नव्हती. याबद्दल मी एवढंच लिहीन.

आईच्या जागी आण्णा आले. माझे वडील, धनाजी जगदाळे, पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे एकतीस वर्षं सचिव. आई गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. दारात उभे राहिले तेव्हा हातात एकच पिशवी होती, आणि पिशवीत बंडीच्या घडीत गुंडाळलेला, दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर.

"आण्णा, हा कशाला आणलात?"

"असावा म्हणून आणला."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फ्रिजमधली दुधाची पिशवी काढून खिडकीच्या उजेडात धरली.

"पातळ दिसतंय."

"आण्णा, ते माझं आहे."

"तुझंच म्हणतोय मी. फॅट किती लागती?"

"मला काय माहीत!"

"म्हंजे आजवर मोजलीच न्हाई?" त्यांना खरोखर धक्का बसला होता. "सा महिने झालं, पोरगी पितीय, आणि फॅट मोजली न्हाई?"

मी पिशवीवरची चिठ्ठी दाखवली. यंत्र प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी आपोआप चिकटवतं, त्यात सगळे आकडे असतात. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "साडेतीन." मग मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले, "असूं दे. गाईची एवढीच लागती."

संध्याकाळी अनिकेतला फोनवर सांगितलं तर तो पाच मिनिटं हसत होता. "म्हणजे आता सासरेबुवा माझ्या बायकोची फॅट काढणार. आणि कमी लागली तर? पेंड चालू करणार तुला?"

"उद्यापासून सरकी देणार आहेत. ठेव फोन."

मला स्वतःलाही हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आलं.

आता मुका नेमकं काय करायचा ते सांगायला हवं.

बाळ अंगावर पितं तेव्हा सगळं दूध एकाच दिशेने जातं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पान्हा भरात असतो तेव्हा दूध बाहेर येतं, पण तो ओसरू लागला की नळ्यांमध्ये क्षणभर उलटा प्रवाह होतो आणि बाळाच्या तोंडातली लाळ मिसळलेले चार थेंब आत ओढले जातात. हे पूर्वीपासून माहीत होतं. त्या चार थेंबांचं आत काय होतं, हे मात्र अलीकडे नीट उलगडलं. आईचं शरीर ती लाळ वाचतं. बाळाला सर्दीची सुरुवात असेल, आतड्यात काही बिघडलं असेल, तर त्याच्या खुणा लाळेत असतात. सहा-आठ तासांत दूध बदलतं. त्या नेमक्या दुखण्यावरच्या संरक्षक पेशी त्यात वाढतात. म्हणजे लाळ हे पत्र आणि दूध हे त्याचं उत्तर.

जुने पंप इथेच आंधळे होते. ते दूध ओढून घ्यायचे, पण त्यांच्याकडे तोंड नव्हतं, लाळ नव्हती. नोकरी करणाऱ्या आईचं दूध उत्तम असायचं, फक्त ते कुठल्याच पत्राचं उत्तर नसायचं.

मुक्याचे दोन भाग होते. एक म्हणजे बाळाच्या बाटलीचं बोंडू. ते चोखता चोखता लाळेतल्या चाळीसएक खुणा मोजून फोनवरून कळवायचं. दुसरा भाग आईकडे : ब्लाउजच्या आत बसणारी हाताच्या तळव्याएवढी मऊ चकती. तिच्यात त्याच चाळीस खुणांच्या निरुपद्रवी प्रती बारीक कप्प्यांत भरलेल्या असत. साताऱ्यात ऊर्मी जशी चोखेल तशीच ओढ आंबा घाटात मला जाणवायची, आणि तिच्या लाळेत जे असेल तेच त्याच प्रमाणात माझ्यापर्यंत पोचायचं. दूध पिशवीत, पिशवी थंड पेटीत, पेटी एसटीच्या पार्सलमध्ये. मलकापूरचे कंडक्टर पेटी घेताना म्हणायचे, "आलं का बाळाचं टपाल?"

आमच्या सरकारी संकुलाचं पाळणाघर डॉ. कांचन ओसवाल चालवायच्या. त्या मूळच्या बालरोगतज्ज्ञ, दवाखाना मुलाच्या हाती देऊन इकडे आलेल्या. पाळणाघरात अंगावरच्या दुधाची नऊ बाळं होती. नऊ आया, नऊ मुके, एक मोठा फ्रिज. आण्णांचं काम एवढंच की ऊर्मीला सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. पण चौथ्या दिवशी डॉक्टरांना ते फ्रिजपुढे मांडी घालून बसलेले दिसले. जुन्या पिशव्या पुढे, नव्या मागे, अशी सगळी रचना त्यांनी बदलली होती.

"जगदाळेकाका, हे काय?"

"डॉक्टर, तुमच्या फ्रिजचं दार दिवसातून साठ वेळा उघडतंय. दूध चार डिग्रीच्या वर गेलं की संपलं. मी हितं बसतो, मागंल ती पिशवी मी काढून देतो."

आणि ते बसले. महिन्याभरात डॉक्टरांनी दूधखोलीची किल्लीच त्यांच्याकडे दिली. त्यांचा आवाज परत आला. "ही पवारांच्या पोरीची सकाळची धार. ही तांबोळी डॉक्टरीणबाईंची, काल फलटणला होत्या." यास्मिन तांबोळी म्हणजे सरकारी पशुवैद्य, माझी मैत्रीण. तिचा अयान ऊर्मीपेक्षा दहा दिवसांनी मोठा. ती आणि आण्णा म्हशींवरून तासन् तास भांडत.

"काका, मुऱ्हाला तुम्ही उगाच नावं ठेवता."

"मुऱ्हा तुमच्या पुस्तकात दूध देती, बाई. गोठ्यात न्हाई."

घरी मात्र आम्ही दोघं फक्त दुधाबद्दल बोलायचो. किती आलं, किती प्यायली, किती उरलं. आईचं नाव घरात निघत नव्हतं. तिचा फोटो आण्णांनी आणला होता, हे मला ठाऊक होतं. तो पिशवीतच होता. मीही तो भिंतीवर लावा म्हणाले नाही.

डोंगरात गोष्ट वेगळी होती. मुक्याबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, पान्हा लवकर यावा म्हणून बाळाची आठवण काढावी. मी गाडीच्या मागच्या सीटवर बसून ऊर्मीची आठवण काढायची, आणि ऊर्मीच्या मागून आई यायची. पान्हा यायचा. वीस मिनिटं झाली की मी तोंड धुवायची आणि पुन्हा कान तपासायला जायची. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

कार्तिकातल्या एका मंगळवारी मी आंबा घाटात एका कानाची बॅटरी बदलत होते. मुक्याने आदल्या रात्री स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं आणि त्याला एक नवी गोष्ट करता येऊ लागली होती. बाळाच्या लाळेतला दुधाचा अंश ओळखून तो आईशी जुळतो का, हे मुका आता तपासायचा. फोन वाजला. पडद्यावर ओळ होती : 'दूध जुळत नाही. आपल्या बाळाच्या मुखात एकूण नऊ मातांच्या दुधाचे अंश आढळले आहेत.'

मी ती ओळ दोनदा वाचली, तेवढ्यात यास्मिनचा फोन आला.

"देवयानी, माझ्या अयानने तुझं दूध प्यायलंय! आणि पवारणीचं! आणि सगळ्यांचं! काय चाललंय तिकडे?"

मी आण्णांना फोन लावला. ते नेहमीसारखे शांत होते.

"मिसळतोय की. तीन आठवडं झालं."

"मिसळताय?"

"सकाळी सगळं दूध स्टीलच्या किटलीत एकत्र करायचं, ढवळायचं, मग बाटल्या भरायच्या. किटली उकळून घेतो, काळजी करू नगंस."

"आण्णा, जिचं दूध तिच्याच बाळाला द्यायचं असतं! तेवढ्यासाठीच तर हे यंत्र आहे!"

मग ते खरोखरच न समजून म्हणाले, "आगं, केंद्रावर आलेलं दूध कुणा एका घरचं राहतंय का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ आया पाळणाघरात जमल्या. बसायला बाळांच्याच छोट्या खुर्च्या होत्या, त्यामुळे कुणालाच नीट रागावता येत नव्हतं, तरी राग होता. डॉ. कांचननी शांतपणे सांगितलं की हे गंभीर आहे. दुधातून आजार जाऊ शकतो, औषध जाऊ शकतं. नऊही जणींच्या महिन्याच्या तपासण्या होत होत्या ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण म्हणून चूक लहान होत नाही. सगळ्या बाळांचं रक्त आणि लाळ तपासायला पाठवली होती. तीन दिवस लागणार होते.

आण्णा दाराशी उभे होते. मी त्यांना आयुष्यात कधी कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. संस्थेत एकतीस वर्षांत त्यांनी कधी चूक केली नाही, असं ते म्हणायचे आणि गावही म्हणायचं.

"मी चुकलो," ते म्हणाले. "विचाराय पायजे हुतं. विचारलं न्हाई. काय आसंल ती शिक्षा सांगा."

मग यास्मिन उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, आमच्यात एका बाईचं दूध प्यायलेली मुलं ही सख्खी भावंडं. त्यांची पुढे आपसात लग्नं होत नाहीत. हा माझ्या घरचा धर्माचा प्रश्न आहे. तुम्ही नुसतं विचारलं असतंत ना, तर मी घरी बोलून सांगितलं असतं. तुम्ही आमचं काहीतरी न विचारता ठरवून टाकलंत."

आण्णांनी मान खाली घातली. दूधखोलीची किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि ऊर्मीला न घेताच निघून गेले.

दुपारी मी घरी पोचले तेव्हा ते पिशवी भरत होते. ऊर्मी माझ्या कडेवर झोपली होती.

"कुठे निघालात?"

"गावाला. चारची गाडी हाय."

गावाला काय होतं? रिकामं घर, विकलेल्या म्हशींचा गोठा, आणि आईच्या चपला. आई गेल्यावर ते तिथे एकटे कसे राहिले होते, ते मी पाहिलं होतं. दिवसातून एकदा भात लावायचे आणि तोही उरायचा. गेले तर पुन्हा तसेच होतील, हे मला कळत होतं. पण मी फार चिडलेही होते.

"आण्णा, तुम्ही अडाणी नाही. चिठ्ठीवर बाळाचं नाव असतं. एकतीस वर्षांची सवय वगैरे मला सांगू नका. का केलंत?"

त्यांनी धोतराची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"चिठ्ठीवर आणिक बी असतंय."

"काय?"

"ताण."

मला आठवेना. माझ्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या मी कधी वाचतच नव्हते. पेटीत टाकायची, एसटीला द्यायची. त्यांनी मला समजावून सांगितलं, मीच यंत्राच्या बाबतीत अडाणी असल्यासारखं. आईच्या रक्तातला ताणाचा अंश दुधात उतरतो. यंत्र तो मोजतं आणि चिठ्ठीच्या तळाला लिहितं : कमी, मध्यम, जास्त.

"सोमवारी जास्त. मंगळवारी जास्त. गुरुवारी जास्त. साताऱ्यात असलीस की मध्यम, डोंगरात गेलीस की जास्त. दीड महिना मी बघतोय. घरात तर तू हसतीस, बोलतीस. मग म्हटलं, ही डोंगरात जाऊन करती काय?" ते थांबले. "मग कळालं काय करती ते."

"मला विचारायचंत ना."

"काय इचारू? मी इचारलं असतं, तर तू उलट मला इचारलं असतंस."

बाहेर कुणाचातरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता. तीन झाल्या. आम्ही दोघांनीही त्या मोजल्या असाव्यात.

"मग म्हटलं, तुझं हे सगळं एकट्या ऊर्मीनं का प्यावं? एका घरची फॅट कमी लागली तर टाकीत मिसळून निभून जातंय. हे बी निभून जाईल. नऊ जणात वाटलं की कुणाच्याच वाट्याला काय येणार न्हाई."

"म्हणून सगळ्यांचं मिसळलंत?"

"तुझं एकटीचंच दुसऱ्यांना पाजलं असतं तर ते अन्यायाचं झालं असतं. म्हणून सगळ्यांचंच." हे त्यांनी इतक्या सचोटीने सांगितलं की माझ्या आत काहीतरी सुटलं.

"आण्णा, तुम्ही माझं रडणं प्रमाणित केलंत? प्रमाणित दूध करतात तसं?"

ते दचकले. माझ्याकडे बघून, मी हसतेय की रडतेय, याचा अंदाज घेऊ लागले. मलाही नक्की सांगता आलं नसतं. ऊर्मी जागी झाली आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागली.

"चारची गाडी जाऊ दे," मी म्हणाले. "तपासण्या येईपर्यंत तरी थांबा. आणि तो फोटो काढा पिशवीतून."

त्यांनी फोटो काढला. खिळा ठोकायला हातोडी सापडली नाही, तेव्हा वरवंट्याने ठोकला. भिंतीचा थोडा गिलावा पडला आणि आई किंचित तिरकी लागली. आम्ही ती तशीच ठेवली.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. नऊही बाळं ठणठणीत होती. आयांच्या जिवात जीव आला. पण डॉक्टरांच्या हातात आणखी एक कागद होता आणि त्या तो कुठून वाचावा या विचारात होत्या.

त्या महिन्यात साताऱ्यात छातीच्या तापाची साथ होती. शहरातली पाच पाळणाघरं बंद करावी लागली होती. आमच्याकडे फक्त अयानचं दोन दिवस नाक वाहिलं. "मी समजत होते, आपण नशीबवान," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता लाळेचे अहवाल आले. त्या तापावरचं उत्तर नऊही बाळांच्या तोंडात आहे. अयानने पत्र पाठवलं, यास्मिनच्या शरीराने उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर..."

"मी नऊ जणांत वाटलं," आण्णा दाराशी उभे राहून पुटपुटले.

"तुम्ही बोलू नका. तुमची चूक चूकच आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि नऊ बाळं म्हणजे पुरावा नव्हे. योगायोग असू शकतो. पण आपण आजवर प्रत्येक आईला तिच्या एकट्या बाळाशी जोडत बसलो. एका घरात एकच दुखणं येतं. पाळणाघरात नऊ घरांची येतात. एखादी आई नऊ बाळांना पुरी पडणार नाही, पण नऊ आयांचं मिळून... हा प्रश्न मला रीतसर विचारायचाय. परवानगी काढून, तपासण्या करून, तुमच्या सह्या घेऊन. ज्यांची इच्छा असेल त्यांनीच."

सात जणींनी लगेच हात वर केले. कुलकर्णीबाईंनी नको म्हटलं, आणि त्यांना कुणीही काही बोललं नाही. यास्मिन म्हणाली, "मी अम्मीला विचारून सांगते."

दोन दिवसांनी ती आमच्या घरी आली. अयान काखेत, दुसऱ्या हातात शिरखुर्म्याचा डबा. आण्णा तिला बघून उभेच राहिले.

"बसा काका. अम्मी म्हणाली, झालं ते आता परत होत नाही. भावंडं झाली ती झाली. फक्त नऊ जणांची नावं, आईबापांची नावं, सगळं नीट लिहून दे म्हणाली, म्हणजे वीस वर्षांनी घोळ नको. नवीन बाळ मिसळीत यायचं असेल तर आधी मला सांगायचं. या दोन अटी."

"लिवून देतो," आण्णा म्हणाले. "आजच देतो."

"आणि तुमच्यामुळे माझ्या पोराला लग्नाच्या पाच मुली कमी झाल्या, हे लक्षात ठेवा."

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलताना दिसले, तेव्हा त्यांना धीर आला.

"साताऱ्यात काय पोरींचा दुष्काळ पडलाय व्हय, डॉक्टरीणबाई?"

"पडला तर तुम्ही शोधायची."

"शोधतो. फॅट बघून."

यास्मिनने हातातला डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून इतकी हसली की अयान घाबरून रडू लागला. ऊर्मी रांगत त्याच्यापाशी गेली आणि त्याचा पाय तोंडात घातला.

त्या मिश्रणाचं नाव 'मिसळ' पडलं. डॉक्टरांनी प्रस्तावात 'सामूहिक मातृदुग्ध' असं लिहिलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसेना. पुढे रीतसर समिती झाली. आमच्या भागात समिती म्हटली की निवडणूक आली. पवारांच्या पोरीने अध्यक्षपदासाठी पॅनेल उभं केलं, आणि समोर कुणी नसल्याने ती बिनविरोध निवडून आली. आण्णांना सचिव करावं असं सगळ्यांचं मत होतं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय त्यांनी किटलीला हात लावायचा नाही. सहासष्टाव्या वर्षी आण्णा रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर जंतूंची नावं पाठ करू लागले. ऊर्मीला मांडीवर घेऊन ते तिला ती नावं पाळण्याच्या चालीवर म्हणून दाखवायचे. परीक्षेत ते पहिले आले. बसलेले एकटेच होते, पण गावाला कळवताना त्यांनी एवढा तपशील वगळला.

पौषात मी वरंध्याला होते. सकाळची कोवळी उन्हं होती, दरीत धुकं होतं. वीस मिनिटं संपवून मी तोंड धुतलं, तेवढ्यात आण्णांचा फोन आला. ते सहसा कामाच्या वेळी फोन करत नाहीत.

"ऊर्मी बरी आहे ना?"

"बरी हाय. मेथी खातीय. कच्ची." मग त्यांनी विचारलं, "रडलीस का गं आज?"

दरीच्या पलीकडच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. माझ्या मागे आमचा ड्रायव्हर टायर तपासत होता.

"हो," मी म्हणाले. आणि मग, कारण आता विचारायलाच हवं होतं, "तुम्ही?"

"मी बी. मेथी निवडताना." ते खाकरले. "तुला एक सांगायचं हुतं. तुझ्या आईचं. तिला सांगायचं राह्यलं."

"काय?"

"तू तवा दोन-तीन वर्षांची आसशील. तुझी आई सकाळी दूध घेऊन केंद्रावर आली, रांगेत उभी राह्यली. मी सगळ्यांदेखत सांगितलं, शालन जगदाळे, दुधात पाणी हाय, परत न्या."

"आईच्या दुधात? तुम्ही?"

"सचिव हुतो. बायकुला सवलत देतो म्हणून कुणी बोट दावाय नको. ती काय बोलली न्हाई. कॅन उचलला, गेली. आणि त्या दिवसापासनं मला आठ दिवस कोरा चहा."

"गोठ्यात तीन म्हशी असताना?"

"तीन म्हशी असताना. घरात सगळ्यांना दुधाचा, मला कोरा." ते हसले नाहीत. "देवयानी, खरं म्हंजे तिच्या दुधात पाणी नव्हतं. मी गडबडीत शेजारच्या कॅनचा आकडा तिच्या नावावर वाचला हुता. सांजच्याला माझ्या ध्यानात आलं. पण आता कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून राह्यलं. सव्वीस वर्षं राह्यलं. तिला कधी कळालंच न्हाई."

मी गाडीला टेकून उभी राहिले. मला आई दिसली : चुलीपाशी बसलेली, कपात कोरा चहा ओतताना एका शब्दानेही काही न म्हणणारी.

"आण्णा," मी म्हणाले, "तिला माहीत होतं."

"कशावरनं?"

"तिला स्वतःच्या दुधात पाणी आहे असं वाटलं असतं, तर तिने तुम्हाला कोरा चहा दिला असता का?"

रेंज गेली असं वाटून मी फोन कानाला घट्ट धरला. मग एक बारीकसा सुस्कारा ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग आण्णांचं हसू. आधी दबलेलं, मग मोकळं, मग थांबता थांबेना असं. "आयला," ते म्हणत होते, "आयला, आठ दिवस! सगळं ठाऊक असून आठ दिवस!" आणि त्यांना हसताना बघून असेल, मागे ऊर्मीही खिदळायला लागल्याचं ऐकू आलं. त्या दोघांचा आवाज दरीवरून माझ्यापर्यंत येत राहिला, आणि ड्रायव्हरने टायर सोडून वर पाहिलं, कारण मीही मोठ्याने हसत होते.